मागच्या पुराची रेघ

चिपळूणच्या बाजारपेठेत २००५ च्या पुराची रेघ लोकांनी सांभाळून ठेवली होती. कुणी दुकानातल्या खांबावर ऑइलपेंटने तारीख घातलेली, कुणी भिंतीला रंग काढताना तेवढा डागाळलेला पट्टा मुद्दाम सोडलेला. नवा पोऱ्या कामाला लागला की पावसाळ्याच्या तोंडावर त्याला ती रेघ दाखवायची आणि सांगायचं, ‘पाणी भरायला लागलं की माल ह्याच्यावर.’ फळ्या त्या रेघेच्या वर ठोकलेल्या, माळे त्याच हिशेबाने घातलेले, कित्येक ठिकाणी विजेचे मीटरसुद्धा. २६ जुलै २००५ ने आखून दिलेलं हे गणित सोळा वर्षं बिनबोभाट चाललं. २२ जुलै २०२१ ला ते कोलमडलं.

त्यानंतरच्या दिवसांत जे लोक बाहेरून चिपळुणात आले त्यांत मदतीचे टेम्पो होते, इतर शहरांची सफाई पथकं होती, पुढारी होते, कॅमेरे होते. आणि खिशात स्टीलचा टेप, हातात क्लिपबोर्ड अशीही काही माणसं होती, ज्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. विमा कंपन्यांसाठी नुकसानीचं मोजमाप करणारे हे सर्व्हेअर. त्यांतल्या एकांचा हा अनुभव. गृहस्थ कोल्हापूरचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेले, पन्नाशीच्या आसपासचे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे आणि ती रास्त आहे, कारण त्यांचा धंदाच असा की दोन्ही बाजूंना ते परके. ठरावीक रकमेच्या वरचा विमा दावा परवानाधारक सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय निकाली निघत नाही. परवाना विमा नियामकाचा, फी विमा कंपनीची आणि समोर उभा दुकानदार. दुकानदाराला ते कंपनीचे वाटतात, कंपनीला दुकानदाराचे. दोघंही नाराज झाले की रिपोर्ट बरा उतरला असं समजायचं, हा त्यांच्या व्यवसायातला जुना विनोद.

दुकानात शिरल्यावर ते आधी मालाकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात. पाणी ओसरताना भिंतीवर गाळाची कड सोडतं. जमिनीपासून तिथवर टेप लावायचा, मग रस्त्यापासून जोत्याची उंची घ्यायची, फोटो काढायचा. चिपळुणात बऱ्याच ठिकाणी हा टेप कामालाच आला नाही. तळमजला छतापर्यंत बुडालेला, त्यामुळे कड होती ती वरच्या मजल्याच्या जिन्यात. दुकानदार मात्र त्यांना हाताला धरून खांबाकडे न्यायचे आणि जुनी रेघ दाखवायचे. ‘साहेब, पाच साली इथवर होतं. आम्ही त्याच्यावर दोन फूट सोडले होते.’ हे वाक्य त्यांनी इतक्या दुकानांत ऐकलं की पुढे पुढे समोरच्याने बोट उचललं की पुढचं त्यांना पाठ असायचं.

हेच वाक्य त्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगलीत ऐकलं होतं.

कृष्णेचा पूर न सांगता येत नाही. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी सांगलीकर क्रिकेटच्या धावसंख्येसारखी विचारतात: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. कोयनेतून किती सोडलं, वारणेतून किती, आलमट्टीतून पुढे किती जातंय, हे आकडे पानटपरीवर उभ्या माणसालाही तोंडपाठ. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी चढायला लागली तेव्हा हरभट रोड, कापड पेठ, गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांनी हातपाय गाळले नाहीत. वेळ होता. हमाल लावले, माल माळ्यावर चढवला, पंचावन्न फुटांचा हिशेब धरून कुलूप लावलं आणि विश्रामबागेकडे नातेवाइकांकडे जाऊन बसले. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. सांगलीच्या सपाटीवर दोन-चार फूट म्हणजे किती वसाहती, किती माळे, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. आणि ते दिवसचे दिवस उतरलं नाही.

सर्व्हेअर सांगतात, सांगलीत माल वाहून गेलेला नव्हता. तो जागच्या जागी होता, पण कुजलेला. माळ्यावर नीट रचलेले साड्यांचे गठ्ठे, वरचा थर कोरडा, खालून पाणी ओढून घेतलेलं, मध्ये बुरशी. प्लायवूडची कपाटं फुगून दारं अडकलेली, ती फोडून उघडावी लागली. ज्यांनी माल हलवलाच नाही आणि ज्यांनी रात्रंदिवस खपून हलवला, त्यांच्या नुकसानीत फरक होता, पण कष्टांच्या मानाने फारच थोडा. हे त्यांना सगळ्यात जास्त खटकलं. माणसाने इशारा ऐकला, मेहनत केली, पैसे खर्च केले आणि तरीही हरला, कारण ज्या आकड्यावर भरवसा ठेवला तो जुना होता. मालाचं जाऊ द्या. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. चार-पाच दिवस आधीपासून चढत असलेलं पाणी, आणि लोक बाहेर पडायला निघाले ते अगदी शेवटी.

सांगलीला तर ही शिकवण २००५ नेही दिली होती. हळदीचा व्यापार हे सांगलीचं नाव. हरिपूर आणि सांगलवाडीत जमिनीखाली खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं ठेवायची पद्धत होती. कीड लागत नाही, रंग टिकतो, अशी या मातीची ख्याती. २००५ च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि साठवणुकीची ती पिढीजात रीत जवळजवळ संपली. त्याआधीही कृष्णेला पूर येत होतेच. पण पेवं खोदणाऱ्यांनीही आपल्या आजोबांच्या आठवणीतलं पाणी धरूनच जागा निवडली असणार. असो, हे सर्व्हेअरांचं नव्हे, प्रस्तुत लेखकाचं अनुमान.

चिपळूणचं पाणी निराळं. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि थोडक्या अंतरात डोंगर उतरून शहराशी येते. पुढे दाभोळची खाडी. शहराच्या पोटातून शिवनदी येऊन तिला मिळते. गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत भरतीचं पाणी चढतं. वर डोंगरात रात्रभर कोसळला आणि खाली भरती असली की नदीला जायला जागा राहत नाही. त्या दिवशी गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे भरतीही जोरातली. त्यात आणखी एक गोष्ट, जी देशावरच्या माणसाला चटकन उमगत नाही: कोयनेचं पाणी. धरण पूर्वेला, पण वीज तयार करण्यासाठी शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात. पोफळी, अलोरेची वीजगृहं आणि कोळकेवाडीचं धरण ओलांडून ते अखेर वाशिष्ठीतच येतं. २२ जुलैच्या पुरात कोळकेवाडीतून सुटलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर चिपळुणात आजही हमरीतुमरी होते. सर्व्हेअरांच्या फॉर्ममध्ये हा वाद बसत नाही. तिथे कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा असतो: पूर.

रात्री निजताना रस्ता होता, पहाटे जिना होता, अशी त्या दिवशीची सांगण्याची रीत. इथे वर चढवायला वेळच नव्हता. एसटी आगारात पाणी शिरलं तेव्हा कर्मचाऱ्यांना तिकिटांची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहावं लागलं, ही बातमी तेव्हा महाराष्ट्रभर वाचली गेली. पाण्याला ओढ होती. फ्रीज, गॅसच्या टाक्या, लोखंडी कपाटं या दुकानातून त्या दुकानात गेली. सर्व्हेअरांना एका भांड्यांच्या दुकानात औषधांचे खोके सापडले आणि शेजारच्या औषधांच्या दुकानात पितळेची घागर. दोन्ही मालकांनी आपापलं ओळखून घेतलं, पण कागदावर ते कसं मांडायचं याला त्यांना जरा डोकं खाजवावं लागलं.

पाणी सांगलीपेक्षा कितीतरी लवकर ओसरलं. राहिला तो चिखल. कोकणातल्या पुराचं खरं नुकसान चिखल करतो हे त्यांचं ठाम मत. लाल, चिकट, शटरच्या पट्ट्यांत, शिलाई मशिनच्या सुईपर्यंत, बेअरिंगमध्ये, संगणकाच्या पंख्यात शिरलेला. ओला असताना फावड्याने निघतो, वाळला की छिन्नी लागते. आणि इथूनच दुकानदाराची कोंडी सुरू होते. नगरपालिका म्हणते, रोगराई पसरेल, सडलेला माल ताबडतोब रस्त्यावर काढा, डंपर नेईल. विमा कंपनी म्हणते, सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावू नका. सर्व्हेअर एक, दुकानं शेकडो, रस्ता खचलेला, मोबाइलला रेंज नाही. धान्याला दुसऱ्या दिवशी वास सुटतो, तिसऱ्या दिवशी कोंब.

यावर त्यांनी सांगलीत शिकलेली तोड वापरली. ज्यांच्याशी संपर्क झाला त्यांना सांगितलं: आधी भिंतीवरची कड दिसेल असे फोटो काढा, मग मालाचे फोटो काढा, प्रत्येक प्रकारातले एक-दोन नग पोत्यात बांधून बाजूला ठेवा, पोती मोजा, चिठ्ठीवर आकडा लिहून शेजाऱ्याची सही घ्या, बाकी बिनधास्त टाका. तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जपा. एका किराणा व्यापाऱ्याच्या वहिनींनी हे इतकं मनावर घेतलं की त्यांनी बिस्किटाच्या प्रत्येक ब्रँडचा एक एक चिखलाळलेला पुडा स्टीलच्या डब्यांत भरून, वर चिकटपट्टीवर नाव लिहून ठेवला होता. एवढा नेटका पुरावा आपल्या उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही, असं सर्व्हेअर म्हणतात. डबे उघडल्यावरचा वास मात्र ते अजून विसरलेले नाहीत.

सगळ्याच मालाचा नमुना ठेवता येत नाही. साखर, मीठ, गूळ. पन्नास किलोच्या साखरेच्या पोत्यांची थप्पी होती तिथे ओली रिकामी पोती, बाकी शून्य. दुकानदार म्हणतो चाळीस पोती होती. असतील. पण दिसत तर काहीच नाही. अशा वेळी सर्व्हेअर वहीखात्याकडे वळतो. वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात आजवरची खरेदी मिळवायची, विक्रीतून नफ्याचा वाटा काढून ती वजा करायची. जो आकडा उरतो तेवढा माल पुराच्या आदल्या रात्री दुकानात असायला हवा. पद्धत साधी आहे, फक्त तिला वह्या लागतात. आणि वह्या कुठे असतात? गल्ल्याखालच्या कप्प्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर. साड्या माळ्यावर चढवणाऱ्या सांगलीच्या व्यापाऱ्यांनीही रोजमेळ आणि बिलांच्या फायली खालीच ठेवल्या होत्या. माल वाचवायचा तर तो विकला जातो म्हणून. कागद वाचवावा असं संकटात कुणाला सुचत नाही.

२००५ मध्ये अशी भिजलेली वही म्हणजे दाव्याचा जवळजवळ शेवट होता. पुरवठादारांच्या दारात जाऊन दुबार बिलं मागायची, कुणी देई, कुणी टोलवाटोलवी करी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. व्यापाऱ्यांनी त्याला किती शिव्या घातल्या हे सर्वश्रुत आहे, पण पुराच्या बाबतीत त्याने नकळत एक उपकार केला. मालकाची वही वाशिष्ठीत गेली तरी त्याला माल विकणाऱ्याने भरलेली नोंद पोर्टलवर असते. चिपळुणातल्या एका सीएने कराडच्या आपल्या भावाच्या घरी बसून अनेक दुकानांची खरेदी अशी पुन्हा उभी केली. चाळीस पोती साखरेची अडतीस झाली. दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हतं, दोन विकली गेली होती.

अर्थात हे झालं ज्यांची खरेदी पक्क्या बिलाची त्यांचं. ज्यांनी अर्धा माल कच्च्या चिठ्ठीवर उचलला होता, त्यांचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माल होता हे सिद्ध केलं तर दुसरीकडे उत्तर द्यावं लागतं, न केलं तर पैसे जातात. सर्व्हेअर अशांना काही सुचवत नाहीत. ते फक्त पेनाचं टोपण लावून थांबतात आणि समोरच्याला ठरवू देतात.

पण दुकानदारांशी खरे खटके उडतात ते ‘अंडर-इन्शुरन्स’वरून. बहुतेक दुकानांचा विमा दुकानदाराने घेतलेलाच नसतो; बँकेने कॅश क्रेडिटचं कर्ज देताना उतरवलेला असतो, आणि तो कर्जाच्या रकमेएवढा. दुकानात माल वीस लाखांचा, विमा दहा लाखांचा. पुरात आठ लाखांचा माल गेला. दुकानदाराला वाटतं, आठ हे दहापेक्षा कमी, म्हणजे पूर्ण मिळणार. नियम सांगतो, तुम्ही निम्म्याच मालाचा हप्ता भरला, म्हणून नुकसानही निम्मंच, चार लाख. त्यातून भिजक्या मालाची जी काही किंमत येईल ती वजा, शिवाय पॉलिसीत ठरलेला दुकानदाराच्या अंगावरचा हिस्सा वजा. हा हिशेब चिखलात उभ्या माणसाला समजावून सांगणं हे या व्यवसायातलं सर्वांत नावडतं काम. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ती कमतरता धरली जात नाही. पूर आला तेव्हा तिला चार महिनेही झाले नव्हते. कित्येकांच्या जुन्या पॉलिसी अजून चालू होत्या. त्या जुन्या पॉलिसींत पूर-वादळाचं कलम वगळून हप्ता कमी करून घेण्याची सोय असे. कुणी तरी ती वापरलेली असायची. नदीपासून हाकेच्या अंतरावरचं दुकान, आणि आगीचा विमा आहे, पुराचा नाही. विचारलं तर उत्तर तेच: पाच सालानंतर कुठे आलं होतं पाणी?

इथे सर्व्हेअर आणि प्रस्तुत लेखक यांचं थोडं वाजतं. त्यांच्या मते ही बेफिकिरी. लेखकाच्या मते उलट. माणसं पुराला विसरली नव्हती, एकाच पुराला फार पक्कं लक्षात ठेवून होती. ज्याला काहीच आठवत नाही तो निदान घाबरून वरच्या मजल्यावर जातो. ज्याला रेघ पाठ आहे तो रेघेच्या वर खुर्ची टाकून बसतो. २०२१ मध्ये गाड्यांचं तसंच झालं. पेठमाप, मुरादपूर भागातल्या लोकांनी संध्याकाळीच पावसाचा रंग ओळखून गाड्या हलवल्या, आणि नेल्या त्या २००५ मध्ये कोरड्या राहिलेल्या जागी. सकाळी त्या एकमेकींवर चढलेल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्ण गेली असं धरतात, आणि अशा गाड्या रांगेने उभ्या होत्या. त्यातही वाचू शकणाऱ्या काही मालकांनीच मारल्या. पाणी उतरल्यावर ‘चालू तर होतेय का बघू’ म्हणून किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असतं, ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन बाद. साध्या पॉलिसीत कंपन्या या नुकसानीला सहसा पूर धरत नाहीत. इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तरच पैसे मिळण्याची आशा.

विम्याच्या चौकटीत जे येतच नाही ते गावात जास्त होतं. जुलै म्हणजे कोकणात गणपतीच्या कारखान्यांची घाई. शाडूच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, रंग अजून लागायचा होता. पाण्यात त्यांचा पुन्हा गोळा झाला. महिन्यांचं काम आणि गिऱ्हाइकांचा विसार एका सकाळी गेला, आणि याची बिलं असण्याचा प्रश्नच नव्हता. अशा एका कारखान्यात सर्व्हेअर गेले ते रस्ता चुकून. तिथल्या आजोबांना ते सरकारी पंचनाम्याचे वाटले. त्यांनी शांतपणे सगळं दाखवलं, पाट मोजून दिले, चहा विचारला. आपण ते नव्हे, हे सांगताना सर्व्हेअरांना फार अवघड गेलं. अशांसाठी मग सरकारी मदत. ३ ऑगस्ट २०२१ ला राज्य सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात घरटी दहा हजार, दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार. त्याआधी दीड वर्ष करोनाच्या टाळेबंदीने दुकानं अर्धी बंद होती, न खपलेला माल तुंबलेला होता. पूर आला तो नेमका भरलेल्या दुकानांत.

आणि ग्रंथालय. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ सालची संस्था, २०१३ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन चिपळुणात भरलं त्यामागे तिचाच पुढाकार. २००५ मध्ये तिथे पाणी शिरलं होतं, २०२१ मध्ये पुन्हा शिरलं आणि पुस्तकांचा चिखल झाला. सर्व्हेअरांचा त्या कामाशी संबंध नव्हता, पण दुर्मिळ ग्रंथाची किंमत कशी ठरते असं त्यांना विचारल्यावर ते म्हणाले, आमच्या पद्धतीत जुनं म्हणजे घसारा. शंभर वर्षांचं पुस्तक खरेदीच्या बिलाने मोजलं तर आणे-पैशात निघेल. विमा उतरवतानाच दोघांनी किंमत ठरवून लिहिली असेल तरच काही अर्थ. तशी किती ग्रंथालयांनी लिहून घेतली असेल, हे वाचकाने आपल्या गावच्या ग्रंथपालाला विचारून पाहावं.

पुढच्या महिन्यांत चिपळूणचा राग नदीतल्या गाळाकडे आणि नकाशावरच्या रेषांकडे वळला. पाटबंधारे खात्याच्या व्याख्येप्रमाणे निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये अटी. चिपळूणची जुनी बाजारपेठ या रेषांत सापडते. गाळ काढा आणि या रेषांचा फेरविचार करा, या मागण्यांसाठी चिपळूण बचाव समितीने डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषण केलं. व्यापारी, वकील, डॉक्टर, गृहिणी आळीपाळीने मांडवात बसल्या. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतून गाळ काढायचं काम खरोखर सुरू झालं. शिवनदीत नाम फाउंडेशनची यंत्रं उतरली. दोनशे वर्षं जिथे पेठ आहे तिथे दुरुस्तीचीही परवानगी मिळू नये, ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. पण दर पंचवीस वर्षांनी पाणी येणार ही खात्याची रेष आणि ‘पाच साली इथवर होतं’ ही दुकानदाराची रेघ यांत पहिली अधिक खरी निघाली, सोळाच वर्षांत.

सर्व्हेअर पुनर्तपासणीला अधूनमधून चिपळूणला जातात. खांबांवर आता २०२१ ची तारीख आली आहे. मीटरचे बोर्ड माणसाच्या डोक्याच्या वर गेले आहेत, रीडिंग घेणाऱ्याला स्टूल लागतं. फळ्या लोखंडी झाल्या. सुतार विचारतो, ‘माळा किती उंच घालू?’ आणि मालक नवी रेघ दाखवून म्हणतो, ‘ह्याच्यावर दोन फूट.’ सर्व्हेअरांना कुणी विचारलं तर ते फुटांचं बोलत नाहीत. ते विचारतात, दुकानातला सगळा माल वर चढवायला किती तास लागतात, आणि रात्री तीन वाजता ते करायला कोण असेल? त्यांनी पाहिलेलं असं, की २०२१ मध्ये उत्तम माळा असलेली पण मालक लांब राहणारी दुकानं पूर्ण गेली, आणि माळा नसलेली पण वरच्या मजल्यावर बिऱ्हाड असलेली निम्मी वाचली. बायकापोरांनी अंधारात जिन्यावर साखळी करून जे हाताला लागलं ते वर ओढलं. एका ठिकाणी पोरांनी सगळ्यात आधी वर नेली ती शाळेची दप्तरं आणि गल्ल्याचा ड्रॉवर. ड्रॉवरमध्ये खालच्या बाजूला पॉलिसी होती. तो दावा सर्वांत लवकर मिटला.

काही व्यापाऱ्यांनी शहाणपणा करून गोदामं खेंड, कापसाळकडे उंचावर हलवली. मात्र पॉलिसीत पत्ता जुनाच, बाजारपेठेतला. पत्ता चुकीचा असेल तर नव्या गोदामात उद्या आग लागली तरी दाव्याची पंचाईत. म्हणून जूनमध्ये पाऊस लागला की सर्व्हेअर ओळखीच्या चार-सहा जणांना आपणहून फोन करतात. हे त्यांच्या कामात येत नाही, फी तर नाहीच. ‘शेठ, गोदामाचा पत्ता बदलून घेतलात का?’

‘हो हो, साहेब, लक्षात आहे. एकदा गणपती झाले की करूनच टाकतो.’

चिपळूणचे दोन्ही पूर आषाढातले होते.